वस्तीची गाडी आणि तिसरी घंटा

नाटकाचा शेवट बदलायचा अधिकार लेखकाचा, असं म्हणतात. आमच्या तालुक्यात तो बरीच वर्षं माझ्याकडे होता आणि मी तो सढळ हातानं वापरला. एका नाटकात नायिका विहिरीत जीव द्यायची, तिला मी सुखरूप माहेरी पाठवलं. दुसऱ्यात थोरला भाऊ धाकट्याला घराबाहेर काढायचा, तिथे मी दोघांची कलमाच्या बागेत गळाभेट करून दिली. मुंबईच्या लेखकांना याचा पत्ता नाही. हा लेख त्यांच्या हाती पडलाच, तर त्यांनी मोठ्या मनानं घ्यावं.

मी नगरपरिषदेच्या नाट्यगृहाची व्यवस्थापिका होते. गावाचं नाव लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात अशी नाट्यगृहं आहेत तरी किती, ओळखणारे ओळखतीलच. व्यवस्थापिका म्हटलं की लोकांना वाटतं, बाईंची नटनट्यांत ऊठबस असणार. ऊठबस होती, पण ती प्लंबर, वायरमन आणि उंदरांच्या पिंजऱ्याबरोबर. तारखा वाटायच्या, कंपनीची बस घाटात अडकली की प्रेक्षकांना थोपवून धरायचं, मेकअप रूममध्ये पाणी आहे का बघायचं, मध्यंतरात वडे गरम आहेत का तेही बघायचं. नाटक वाईट निघालं तर लोक लेखकाला शिव्या घालतात, पण वडा गार निघाला तर थेट मला.

शेवट बदलायचं प्रकरण यशोदाकाकीमुळे सुरू झालं. यशोदाकाकी म्हणजे आठवड्याच्या बाजारात भाजी घेऊन बसणारी आमच्या तालुक्यातल्या एका वाडीतली बाई. तिला नाटकाचं विलक्षण वेड. आमचे प्रयोग बहुतेक रविवारी दुपारी चारचे, कारण खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांना परत जायचं असतं. काकी वाडीतल्या पाच-सहा बायकांना घेऊन यायची आणि मुद्दाम शेवटच्या रांगेतली, दाराजवळची तिकिटं मागायची. तिच्या वाडीला वस्तीची गाडी जाते. म्हणजे संध्याकाळी शेवटची सुटून, गावातच मुक्काम करून, सकाळी परत येणारी एसटी. ती चुकली की रात्र स्टँडवर. त्यामुळे तिसऱ्या अंकाला रंग चढला, की मागच्या रांगेत पिशव्या खुसखुसायला लागायच्या आणि सगळ्या जणी पदर सावरत, समोर बघत बघत, उलट्या पावलांनी बाहेर पडायच्या. मग बाजाराच्या दिवशी काकी माझ्या बुकिंगच्या खिडकीशी हजर.

"मॅडम, त्या पोरीचं काय झालं वो शेवटी? सासू सुदरली का नाय?"

आता सासू सुधारलेली नसायची. पण भाजीची पाटी उतरवून, उन्हातून चालत आलेल्या बाईला तसं तोंडावर कसं सांगायचं? मग मी सासूला सुधारायची.

आता कुणी विचारेल, चारचं नाटक सातला संपतं, गाडी साडेसातची, मग अडचण कुठे आली? अडचण तिसऱ्या घंटेत होती. ज्यांनी नाट्यगृहाचं तोंड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नाटकाआधी तीन घंटा होतात. पहिली म्हणजे चहा संपवा, दुसरी म्हणजे आत या, आणि तिसरी झाली की दिवे जातात आणि पडदा उघडतो. तिसरी घंटा झाली की नट देवाचंही ऐकत नाही. ही घंटा तिकिटावर छापलेल्या वेळेला द्यायची, असा नियम आहे. आणि ती भाऊ येऊन बसले की द्यायची, अशी आमची पद्धत होती.

भाऊ म्हणजे आमच्या नाट्यगृह समितीचे अध्यक्ष. दिलदार माणूस, गावाच्या उपयोगी पडणारा, पण घड्याळ हातात घालायचं ते फक्त शोभेसाठी. भाऊ पावणेपाचला यायचे, कधी पाचला. पहिल्या रांगेत वळून सगळ्यांना नमस्कार करायचे, मी विंगेकडे बघून मान हलवायची, आणि मग तिसरी घंटा. साऱ्या गावाला हे पाठ झालेलं. चारचं नाटक असलं की लोक चारला घरून निघायचे. भाऊंचा उशीर काकीच्या तिसऱ्या अंकातून वजा होत होता, हे हिशेबाला सोपं होतं, पण इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी तो मांडला नव्हता.

आणि मग आमच्याकडे मिलिंद तांबे आला.

दिव्यांगांच्या राखीव जागांत कायद्यानं स्वमग्न माणसांनाही घेतलं, त्यातून तो शिपाई म्हणून लागला. वय तिशीच्या पुढचं, अंगानं उंच, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. बोलताना तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही, खांद्याच्या जरा वर बघतो. मला पहिले दोन दिवस वाटत राहिलं की माझ्यामागे कुणीतरी उभं आहे. पहिल्या दिवशी त्याची आई सोडायला आली. तांबे बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, करड्या आवाजाच्या आणि ताठ कण्याच्या. मला म्हणाल्या, "मॅडम, एकच सांगते. तो उलट बोलतो असं कधी वाटलं, तर तसं नसतं. तो सरळ बोलतो. आपल्याला सवय नसते."

मिलिंद तिथल्या तिथे म्हणाला, "आई, तू आता जा. कामाच्या ठिकाणी आई आणत नाहीत."

बाई हसून गेल्या आणि परत कधी फिरकल्या नाहीत. पण फाटकापाशी वळून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला पुरती कळली. सरकारी नोकरीत सुरुवातीचा काळ परिविक्षेचा, म्हणजे पारखून घेण्याचा असतो. काम पटलं तर माणूस कायम, नाही पटलं तर घरी. आणि पटलं की नाही, हे लिहायचं माझ्यासारख्यांनी.

याच सुमाराला दुसऱ्या एका कार्यालयात अशीच एक मुलगी लागली होती. तिला टेबल दिलं, खुर्ची दिली, पंखासुद्धा दिला. काम मात्र दिलं नाही. "बस हो, तुला कशाला त्रास," असं सगळे प्रेमानं म्हणायचे. ती काही महिने भिंतीकडे बघत बसली आणि राजीनामा देऊन गेली. त्या कार्यालयात मी दोनदा जाऊन चहा पिऊन आले होते, मला काही खटकलं नव्हतं. ते आता खटकतं.

मिलिंदला मी प्रथम बुकिंगच्या खिडकीवर बसवलं. खिडकीवर समोर प्लॅन असतो, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. गिऱ्हाईक बोट ठेवेल ती खुर्ची खोडायची आणि तिकीट द्यायचं. सोपं काम. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ सहकुटुंब आले.

"या चार कशा आहेत हो?"

"वाईट आहेत. खांब मध्ये येतो. डावीकडचा माणूस दिसत नाही."

"बरं, या? आणि नाटक कसं आहे?"

"पहिला अंक बरा आहे. दुसऱ्यात मला झोप आली."

गृहस्थ तिकीट न घेता घरी गेले. कंपनीचा मॅनेजर बाजूलाच उभा होता, त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मी मिलिंदला आत बोलावून म्हटलं, "अरे, असं नसतं सांगायचं."

"मग कसं आहे म्हणून विचारलं की काय सांगायचं?"

मी विचार केला. तीस वर्षांच्या नोकरीत मी त्या प्रश्नाला "छान आहे" याखेरीज दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं, आणि त्यातली निम्मी नाटकं मी पाहिलेलीही नव्हती.

मग त्याला दारावर उभं केलं. तिथे "आम्ही भाऊंच्या घरचे" म्हणून फुकट घुसणाऱ्यांची वाट बंद झाली. भाऊंच्या घरचे नेमके किती, हे त्या आठवड्यात गावाला प्रथमच कळलं. खरी अडचण आली ती एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला. संमेलनवाल्यांनी भिंतीएवढे स्पीकर आणले. पहिलं गाणं सुरू झालं आणि मिलिंद दारावरून नाहीसा झाला. शोधलं तर सामानाच्या खोलीत, रंगवलेल्या राजवाड्याच्या मागे, कानांवर हात दाबून, गुडघ्यांत मान घालून बसलेला. अंग थरथरत होतं. मी धावत जाऊन "काय झालं, काय झालं" करायला लागले, तशी तो आणखी आक्रसला. तेव्हा आमचे हमीदभाई मला हातानंच थांबवून आत गेले.

हमीदभाई म्हणजे आमचे पडदेवाले. मूळचे नाटे गावचे, दर्यावर वाढलेले, ऐन उमेदीची वर्षं आखातात कुठल्याशा तेलाच्या कारखान्यात काढून परत आलेले. ते मिलिंदच्या शेजारी जमिनीवर बसले. बोलले काहीच नाहीत. पाठीवर हात फिरवला नाही, पाणी विचारलं नाही. बसून राहिले नुसते, खाडीत गळ टाकून बसावं तसे. बऱ्याच वेळानं मिलिंदची मान वर आली. मग हमीदभाईंनी आपली जुनी पत्र्याची पेटी उघडून कानांवर लावायच्या दोन जाडजूड टोप्या काढल्या. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात घालतात त्या, मध्ये पट्टी असलेल्या.

"घे बाबा. तितं आमी सगलेच लावायचो. कोन कोनाला हसायचा नाय."

मिलिंदनं त्या कानांवर चढवल्या आणि पहिल्यांदा हमीदभाईंच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. त्या दिवसापासून तो त्यांच्याबरोबर विंगेत गेला, तो तिथलाच झाला.

आमचा पडदा हातानं ओढायचा. बटण दाबून सरकणारे पडदे मोठ्या शहरांत असतील, आमच्याकडे दोर आणि कप्पी. पडदा ओढणं हे काम नाही असं लोकांना वाटतं. हिसका बसला तर पडदा लाटेसारखा हलतो, हळू ओढला तर रडणारा नट अवघडून रडतच राहतो, आणि पडद्याची दोन पाखं, म्हणजे दोन अर्धी कापडं, मधोमध मिळाली नाहीत तर फटीतून मेलेला राजा उठून बसताना दिसतो. हमीदभाईंचे गुडघे गेले होते. त्यांना कुणीतरी हवंच होतं, पण यापूर्वी दिलेले तिघे दोर सोडून नट्या बघत बसायचे. मिलिंदला त्या दोरात काय सापडलं कोण जाणे. प्रयोग नसेल तेव्हाही तो सरावाला ओढायचा, कप्पीला तेल द्यायचा. दोन पाखं मधोमध अलगद मिळाली, की त्याचे दोन्ही हात आपोआप हवेत फडफडायचे आणि चेहरा उजळायचा. मी नोकरीत खूश झालेली माणसं पुष्कळ पाहिली, पगारवाढीला, बदलीला, साहेबाच्या बदलीला. रोजच्या कामानं रोज खूश होणारा हा एकच.

आम्हीही बदललो, हे सांगायला हवं. सरकारी कचेरीत "बघू" म्हणजे नाही, "करू" म्हणजे पुढच्या वर्षी आणि "होऊन जाईल" म्हणजे विसरा. मिलिंदला मी एकदा "बघू" म्हटलं, तर तो संध्याकाळी येऊन म्हणाला, "मॅडम, बघितलंत?" काही महिन्यांत आमच्याकडे सगळे नीट बोलायला लागले. हे काम, इथे, आत्ता. हे होणार नाही, कारण हे. कामं झपझप उरकू लागली. एरवी कार्यशाळा भरवून जे साधत नाही, ते आपोआप साधलं.

आणि मग पावसाळा संपल्यावरचा तो पहिला रविवार. मुंबईची नामांकित कंपनी, दुपारी चारचा प्रयोग, हंगामाचा शुभारंभ भाऊंच्या हस्ते. हमीदभाई गुडघ्याच्या दवाखान्यात गेले होते, त्यामुळे पडदा आणि घंटा दोन्ही मिलिंदकडे. सकाळीच त्यानं मला विचारलं, "मॅडम, तिसरी घंटा कधी द्यायची?"

मी फुलांचे हार मोजून घेत होते. वर न बघता म्हटलं, "तिकिटावर छापलेल्या वेळेला."

असं उत्तर आमच्यासारखी सरकारी माणसंच देऊ शकतात. जिभेवर नियम असतो आणि डोक्यात पद्धत. ऐकणाऱ्यानं जिभेवरचं सोडून डोक्यातलं घ्यायचं असतं, आणि सगळे ते घेतातही. मिलिंदनं जिभेवरचं घेतलं.

चार वाजता मी फाटकाशी हार घेऊन भाऊंची वाट बघत होते. दोन घंटा झाल्या होत्या, कुणी ढिम्म हललं नव्हतं. अंगणात वडे चालले होते, गप्पा चालल्या होत्या. आणि तिसरी घंटा झाली. लांबलचक, खणखणीत. क्षणभर सगळं अंगण चित्रासारखं थांबलं. मग जी पळापळ झाली! लोक वडा तोंडात आणि चटणी हातात घेऊन धावले. कंपनीचा मॅनेजर चहाचा कप घेऊनच विंगेकडे सुटला. पण वर म्हटलं तसं, तिसरी घंटा झाली की नट देवाचंही ऐकत नाही. दिवे गेले, पडदा उघडला, नायिका तुळशीला पाणी घालायला लागली.

भाऊ पावणेपाचला आले. शुभारंभाचं नाटक एव्हाना पार दुसऱ्या प्रवेशात पोचलेलं. त्यांची पहिल्या रांगेतली खुर्ची अंधारात सापडेना, सापडली तर तिच्यावर कुणा बाईंची पर्स आणि नातू. भाऊ चार माणसांसह मागे भिंतीला टेकून उभे राहिले. माझी पाचावर धारण बसली होती. मध्यंतरात ते कडाडले, "घंटा कुणी दिली?"

मी तोंड उघडायच्या आत विंगेतून मिलिंद आला, कानांवर हमीदभाईंच्या टोप्या. भाऊंच्या खांद्याच्या जरा वर बघत म्हणाला, "मी दिली. चार वाजता. तुम्ही उशिरा आलात."

भाऊ तडक गाडीत बसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुख्याधिकारी साहेबांचा फोन. साहेब तरुण, देशावरचे, माणूस वाईट नव्हे. म्हणाले, "मॅडम, त्याला जन्म-मृत्यूच्या रेकॉर्डला बसवू या. शांत जागा आहे, त्यालाही बरं. आणि कायम करायचं तर... बघू." ते "बघू" मला चांगलं ओळखीचं होतं. मला ती भिंतीकडे बघत बसलेली मुलगी दिसायला लागली, आणि फाटकापाशी वळलेल्या तांबे बाई.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी यशोदाकाकी खिडकीशी आली. यावेळी एकटी नाही, वाडीतल्या सगळ्या जणी बरोबर. मी म्हटलं, "काय काकी, कुठला शेवट सांगू?"

"सांगू नुका. आमी बगितला! गाडी सुटायला येळ व्हता तरी. पडदा पडंस्तवर बसलाव."

"हो? मग? आवडला?"

काकीनं जरा विचार केला. "नाय. ती मेली ना गो बाय शेवटी. आमी गाडीत समद्या रडलाव." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मॅडम, तुमी सांगायचात ते शेवट बरे व्हते. येकदम बरे. जरा जास्तीच."

मी पकडले गेले होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकी मात्र गंभीरपणे म्हणाली, "पण आपल्या डोळ्यांनी बगितल्याली मेलेली बरी. तो घंटेवाला कुटं हाय?"

मिलिंदला बाहेर बोलावलं. काकीनं त्याच्यासाठी फणसपोळी आणली होती. मिलिंदनं वास घेतला आणि म्हणाला, "मला आवडत नाही. चिकट आहे."

मी डोळे मिटले. काकी खळखळून हसली. "बरा हाय. त्वांडावर सांगतो. नायतर आमच्या मॅडम!" फणसपोळी मी खाल्ली.

संध्याकाळी मी सरळ भाऊंच्या घरी गेले. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग म्हटलं, "भाऊ, काकीच्या वाडीतल्या बायकांनी जन्मात पहिल्यांदा नाटकाचा शेवट बघितला. आजूबाजूच्या वाड्यांतही बोलबाला झालाय, आता वस्तीच्या गाडीनं जाणारे सगळेच येणार म्हणतात. हे कुणामुळं झालं, असं मला विचारतायत. कुणाचं नाव सांगू? तुमचं, की मिलिंदचं?"

भाऊंना वाड्यांतल्या मतांचं गणित शिकवावं लागत नाही. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "दोघांचं सांगा."

पुढच्याच बैठकीत भाऊंनी आपणहून ठराव मांडला. तिसरी घंटा छापलेल्या वेळेला, कुणासाठीही थांबायची नाही. त्याला मी एक शेपूट जोडलं. उशिरा येणारानं मध्यंतरापर्यंत मागच्या रांगेत बसायचं, मग तो कुणीही असो. मिलिंद विंगेत राहिला. पण कायम करण्याचा कागद साहेबांकडे गेला तो गेलाच. मी महिन्याला विचारायची, साहेब म्हणायचे, वर पाठवलाय. माझ्या निवृत्तीला थोडे दिवस उरले. माझ्या जागी येणाऱ्याला हे सगळं पटलं नाही तर? घंटेवर दुसऱ्याला बसवलं तर? निरोप समारंभाच्या तयारीत माझं लक्षच लागेना.

समारंभ रविवारी होता. पत्रिकेत छापलं होतं, दुपारी ठीक चार, मध्यंतरात चहा. आमच्याकडे पत्रिकेतला "ठीक" शोभेला असतो. तांबे बाईंना मी आग्रहाचं बोलावणं केलं होतं. आज मुलाच्या कामाचं ठिकाण नव्हे, माझ्या निरोपाचं ठिकाण, असं समजावून. तीन वाजता त्यांचा फोन आला की ठरवलेली रिक्षा आलीच नाही आणि गुडघ्यामुळे त्यांना चालवत नाही. मी म्हटलं, मीच आणते. रिक्षा करून त्यांच्या घरी पोचले, तर बाईंनी घावनांचं पीठ तव्यावर ओतलेलं.

"घावनं खाल्ल्याशिवाय सोडणार नाही."

"बाई, चारचा कार्यक्रम आहे."

"असले कार्यक्रम कधी वेळेवर सुरू होतात का? आणि तुमचा सत्कार, तुमच्याशिवाय सुरू कसा होईल?"

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. मी घावनं खाल्ली, चहा घेतला, वर मिरचीची चटणीही वाखाणली. परत येताना पुलापाशी ट्रक आडवा आलेला.

आम्ही दोघी नाट्यगृहात शिरलो तेव्हा अंगणात चिटपाखरू नव्हतं. वडेवालासुद्धा आत गेलेला. सभागृहात अंधार, रंगमंचावर उजेड. पहिल्या रांगेपासून सारं गाव वेळेवर येऊन बसलेलं. मंचाच्या मध्यभागी एक रिकामी खुर्ची, तिच्यावर माझी शाल आणि माझा नारळ. आणि साहेब माइकवर माझ्या कार्यतत्परतेबद्दल बोलत होते.

मी पुढे निघाले, तेवढ्यात मागच्या रांगेतून एका हातानं माझा पदर ओढला. यशोदाकाकी.

"बसा गप हितंच. कवाच सुरू झालंय."

आम्ही दोघी तिच्या शेजारी बसलो. मी कुजबुजले, "काकी, काय झालं आतापर्यंत? सुरुवात चुकली माझी."

काकीनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी विसरणार नाही. इतक्या वर्षांनी तिची पाळी आली होती. ती पदर सावरून, चवीनं सांगायला लागली.

"आदी घंटा झाली. भाऊ पयल्यापासून येऊन बसल्यालं. म्हनलं, मॅडम येतील तवा येतील, त्येंच्याच नियमानं सुरू करूया. मग त्यो सायेब उटला. म्हनला, मॅडमला निरोपाची भेट काय द्यायची, तर ही. कागद वाचून दावला. त्यो घंटेवाला कायम झाला."

माझ्या पलीकडे तांबे बाई ताठ बसल्या होत्या. त्यांनी अंधारात माझा हात धरला तो इतका घट्ट की बांगडी रुतली. मला रडू फुटलं आणि हसूही यायला लागलं. ज्या एका गोष्टीसाठी मी महिनोन्‌महिने साहेबांचे उंबरे झिजवले, ती जाहीर होताना मी घावनं खात होते.

"आणि तो? मिलिंद? त्यानं काय केलं?"

"टाळ्या वाजल्या तसा कानाला त्ये टोपरं लावून आत ग्येला. मग जरा येळानं पडद्यामागून त्येचे हात दिसले. असे, असे." काकीनं आपले दोन्ही हात हवेत फडफडवले.

मला विश्वासच बसेना. "काकी, खरं सांगताय ना? की मला बरं वाटावं म्हणून..."

"मी काय तुमच्यासारकी हाय?"

पुढच्या दोन रांगांतून "शूऽऽ" आलं. माइकवरून भाऊंनी आमच्या दिशेला बघून हाक दिली, "मॅडम दिसतायत मागं. या, वर या!" मी उठले. रांगेतून बाहेर पडते तोच बाजूच्या दारातून मिलिंद आला आणि माझ्या वाटेत उभा राहिला. कानांवरच्या टोप्या गळ्यात उतरवलेल्या, वरचं बटण लावलेलं. माझ्या खांद्याच्या जरा वर बघत म्हणाला, "मॅडम, तुम्ही उशिरा आलात."

मग त्यानं माझ्या मागे पाहिलं.

"आई, तू पण."

एवढं सांगून तो वळला आणि विंगेत निघून गेला. मी ठरावाचं माझंच शेपूट आठवून परत मागच्या रांगेत बसले. मध्यंतर होईपर्यंत आम्ही दोघी काकीशेजारी, दाराजवळच्या रांगेत बसून राहिलो.